‘ताई, झेड उघडत नाही’: शेअर्ड ड्राइव्हच्या परमिशनचा गुंता सोडवताना

सकाळी सव्वाआठला गरवारे पॉइंटच्या सिग्नलला स्कूटर थांबते आणि पर्समधला फोन थरथरायला लागतो. "ताई, झेड उघडत नाही. आमची परमिशन काढली का?" मी कोणाचीच परमिशन काढलेली नसते. रात्री घरी जाऊन मी पोळ्या केलेल्या असतात. झेड म्हणजे सर्व्हरवरच्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या फोल्डरला, अर्थात शेअर्ड ड्राइव्हला, कॉम्प्युटरवर दिलेलं अक्षर. पण त्या ड्राइव्हवर काहीही बिघडलं की आमच्याकडे त्याला ‘परमिशन गेली’ असंच म्हणतात, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला लागले. टॅली बरं यायचं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता यायचा, एवढ्या भांडवलावर सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. आज चाळीसेक कॉम्प्युटर, एक विंडोज सर्व्हर आणि बॅकअप-स्कॅनिंगसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, एवढा संसार आहे. कॉलेज रोडवरचं सीए ऑफिस असो की पिंपळगावचं द्राक्षांचं पॅकहाउस, जिथे ‘कॉम्प्युटरचं जरा बघून घे’ असं सांगून एकाच माणसाला उभं केलेलं असतं, त्या माणसासाठी हे लिहिते आहे.

आधी मेसेज वाचा, सांगितलेलं ऐकू नका

फोनवर कोणी काय सांगतं यावर मी आता विश्वास ठेवत नाही. स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवते. फोटोत पूर्ण मेसेज आणि वरचा पत्ता, म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात ते, दोन्ही दिसायला हवं.

‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ असं असेल, किंवा आकड्यांच्या शेवटी ३५ असेल, तर परमिशनचा काही संबंध नाही. तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. केबल बघा, नेटवर्क स्विचचा, म्हणजे सगळ्या केबल एकत्र येतात त्या डबीचा, ॲडॅप्टर बघा. लाइट जाऊन आल्यावर आमच्या क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाच्या, खोलीतला छोटा स्विच अर्ध्या वेळा उठतच नाही.

‘ॲक्सेस इज डिनाइड’, किंवा आकडा ५ ने संपणारा, म्हणजे पोचलात पण आत घेतलं नाही. हीच खरी परमिशनची केस.

‘फाइल इज लॉक्ड फॉर एडिटिंग’ म्हणजे दुसऱ्या कोणी तरी ती फाइल उघडून ठेवली आहे. आणि पुन्हा पुन्हा नाव-पासवर्ड विचारत असेल, तर तुम्ही कोण आहात हेच सर्व्हरला पटलेलं नाही. तुम्हाला काय करता येईल हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

मेसेज कळला की दोन प्रश्न. हे एकालाच होतंय की शेजारच्यालाही? एकाच फाइलला होतंय की अख्ख्या फोल्डरला? एकाच माणसाला सगळीकडे अडत असेल तर दोष त्याच्या खात्यात किंवा मशीनमध्ये. सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये अडत असेल तर दोष फोल्डरमध्ये. सगळ्यांना चालतं आणि एकच फाइल एकालाच उघडत नाही, तर ती फाइल कुठून तरी हलवून आणलेली असणार. या शेवटच्या प्रकाराकडे मी सविस्तर येते, कारण निम्मे फोन त्याचेच असतात.

वाड्याची दोन दारं

जुन्या नाशकात माझ्या आजोळचा वाडा होता. रस्त्यावर दिंडी दरवाजा, आत सात बिऱ्हाडं, प्रत्येकाचं कुलूप निराळं. दिंडीतून आत आलात म्हणून कोणाच्या माजघरात शिरता येत नव्हतं. आणि माजघराची किल्ली हातात असली तरी दिंडीला रात्री अडसर पडला की बाहेरच उभं राहायचं.

विंडोजच्या शेअर्ड फोल्डरला अशीच दोन दारं असतात. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे ‘शेअरिंग’ टॅबमधल्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’च्या आत जी परमिशन आहे ती दिंडी. ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागते. ‘सिक्युरिटी’ टॅबमधली परमिशन म्हणजे खोलीचं कुलूप, ते सगळ्यांना लागतं. सर्व्हरच्या पुढ्यात बसून तपासलं तर तुम्ही वाड्यात राहणारे. दिंडीतून गेलातच नाहीत. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्याला काही किंमत नाही.

हिशोब असा करायचा: एका दारात बेरीज, दोन दारांमध्ये जे कमी ते. म्हणजे सिक्युरिटी टॅबमध्ये स्टोअरच्या ग्रुपला ‘रीड’ (नुसतं वाचणं) आणि डिस्पॅचच्या ग्रुपला ‘मॉडिफाय’ (बदलणं आणि डिलीट करणंही) असेल, आणि एखादा माणूस दोन्ही ग्रुपमध्ये असेल, तर त्याला मॉडिफाय मिळतं. पण दिंडीवर फक्त ‘रीड’ असेल तर आतल्या मॉडिफायचा उपयोग शून्य.

ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून नवा फोल्डर शेअर केला की विंडोज दिंडीवर ‘एव्हरीवन’ला फक्त रीड देतं. त्यामुळे फोल्डर सगळ्यांना दिसतो, उघडतो, आणि सेव्ह मात्र कोणालाच होत नाही. मग माणूस सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन तासभर टिकमार्क करत बसतो. मी बसले आहे.

माझी पद्धत: दिंडीवर ‘एव्हरीवन’ काढून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ला, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन आलेल्यांना, ‘चेंज’ (दिंडीवरचं मॉडिफाय) द्यायचं आणि ते पुन्हा हातात घ्यायचं नाही. कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते सगळं सिक्युरिटी टॅबमध्ये. दिंडीवर ‘फुल कंट्रोल’ का नाही? जो फाइल बनवतो तो तिचा मालक होतो, आणि मालकाला आपल्या फाइलची परमिशन बदलता येते. दिंडीवर चेंजच असेल तर नेटवर्कवरून येऊन तो उद्योग करता येत नाही. आमच्या डिझाइनच्या एका हुशार मुलाने आपल्या ड्रॉइंग्जवरून बाकीच्यांना काढून टाकलं होतं, ‘कोणी चुकून बदलू नये म्हणून’. सुट्टीवर जाताना सांगायला विसरला.

‘डिनाय’च्या चौकटीला हात लावू नका. अमुक ग्रुपला नको, असं वाटून ‘यूजर्स’ला डिनाय केलं की त्या यूजर्समध्ये तुम्ही स्वतःही असता. नको असेल त्याचं नाव यादीत ठेवूच नका, एवढं पुरतं.

कट-पेस्टचं भूत

क्यूसीच्या ताई इन्स्पेक्शन रिपोर्ट आपल्या फोल्डरमध्ये बनवतात आणि पूर्ण झाले की कट करून डिस्पॅचच्या फोल्डरमध्ये टाकतात. डिस्पॅचच्या भाऊंना फोल्डरमधल्या जुन्या फाइली उघडतात, त्या दिवसाच्या नवीन तीन उघडत नाहीत. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर चहा पिऊन पुन्हा पुन्हा आत डोकावतोय.

यात कोणाचंच काही चुकलेलं नसतं. एकाच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवली तर ती जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. त्यामुळे जुन्या घरची परमिशन अंगावर घेऊनच ती नव्या घरी येते. कॉपी केली तर मात्र नवी फाइल जन्माला येते आणि नव्या फोल्डरची परमिशन घेते. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली तरी तसंच होतं, कारण तिथे पडद्यामागे कॉपीच होत असते.

दुरुस्ती सोपी आहे. त्या फोल्डरवर नव्हे, त्याच्या आतल्या फाइलींवर ॲडमिन म्हणून आय-सी-ए-सी-एल-एस ही कमांड ‘रीसेट’ जोडून चालवायची. फाइल्स आपल्या अंगावरची जुनी परमिशन टाकून वरच्या फोल्डरची घेतात. कमांडचं वावडं असेल तर फाइलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, तिथे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ (इनहेरिटन्स म्हणजे वरच्या फोल्डरकडून वारशाने मिळणारी परमिशन), विचारल्यावर सगळं काढून टाका म्हणायचं, आणि लगेच ‘एनेबल इनहेरिटन्स’ करून मग ओके. मधेच ओके दाबलंत तर फाइल कोणाचीच राहत नाही, मालकाने किंवा ॲडमिनने येऊन सोडवेपर्यंत.

कायमचा उपाय मी सांगून पाहिला: कट करू नका, कॉपी करा आणि जुनी डिलीट करा. दोन दिवस ऐकलं. शेवटी दोन्ही विभागांना चालेल असा एक ‘तयार रिपोर्ट’ नावाचा फोल्डर केला आणि ताईंना पहिल्यापासून तिथेच सेव्ह करायला लावलं. माणसाची सवय बदलण्यापेक्षा फोल्डर बदलणं स्वस्त पडतं.

‘ग्रुपमध्ये टाकलं तरी होत नाही’

सर्व्हरवर लॉगिन करताना माणसाला एक ओळखचिठ्ठी मिळते. तो कुठकुठल्या ग्रुपमध्ये आहे, ते त्या क्षणी त्यात लिहिलं जातं. नंतर तुम्ही त्याला नव्या ग्रुपमध्ये टाकलंत तरी खिशातली चिठ्ठी जुनीच असते. साइन आउट करून पुन्हा साइन इन केल्यावर नवी मिळते.

आमचे प्रॉडक्शनचे साहेब लॅपटॉप कधीच बंद करत नाहीत. झाकण लावतात, गाडीत टाकतात, घरी उघडतात. मी त्यांना ग्रुपमध्ये टाकून चार दिवस झाले होते आणि चार दिवस त्यांचं ‘अजून होत नाही’ चालू होतं. "साहेब, रीस्टार्ट केलंत का?" "हो, रोज करतो." झाकण लावणं म्हणजे रीस्टार्ट, हा त्यांचा प्रामाणिक समज. आता मी विचारत नाही. त्यांच्या मशीनवर ‘हू ॲम आय’ ही कमांड, तिन्ही शब्द जोडून, पुढे स्लॅश ग्रुप्स लावून चालवते. यादीत नवा ग्रुप दिसला नाही तर चर्चा संपली, साइन आउट.

याच घरातला दुसरा त्रास म्हणजे साठवलेला जुना पासवर्ड. विशेषतः नॅससारख्या, वेगळं खातं लागणाऱ्या जागी. पासवर्ड बदलला, पण मशीन जुनाच पुढे करत राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये त्या सर्व्हरच्या नावाची नोंद काढून टाका. शिवाय एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडलेलं विंडोजला चालत नाही. तेव्हा १२१९ नंबरची एरर येते. ‘नेट यूज’ ही कमांड चालवली की सध्या कुठे कुठे जोडलेलं आहे ते दिसतं, जुनं जोड तोडा आणि मग नव्या नावाने जोडा. आणि मशीनवर पिन टाकून आत जाणारी मंडळी नॅसलाही तोच चार आकडी पिन देतात. पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर पासवर्डच लागतो. हे आठवड्याला एकदा तरी सांगते.

जुन्या मशीनचा बटणासारखा सेल संपला की तारीख-वेळ मागे जाते. डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर असतात तिथे, सर्व्हरच्या आणि मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटण्यात अडचण येते. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायला पैसे पडत नाहीत.

एक्सेलचं वेगळंच

एकदा मला वाटलं, लोकांना लिहू द्यावं पण डिलीट करू देऊ नये. फाइली चुकून उडतात म्हणून. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन डिलीटचे दोन्ही टिकमार्क काढले आणि स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोणालाच एक्सेल सेव्ह होईना, आणि फोल्डरमध्ये आगापीछा नसलेल्या नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली जमायला लागल्या.

एक्सेल उघडलेल्या फाइलवर थेट लिहीत नाही. सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये विचित्र नावाची नवी फाइल बनवतं, त्यात सगळं लिहितं, मग जुनी काढून नवीला जुनीचं नाव देतं. डिलीटचा हक्क नसेल तर मधेच अडकतं आणि ते उष्टं तसंच पडून राहतं. तेव्हा ज्यांनी एक्सेलमध्ये काम करायचं त्यांना ‘मॉडिफाय’ द्या, त्यातून काही कापू नका. चुकून उडालेल्या फाइलींसाठी बॅकअप आणि ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, म्हणजे विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती, आहेत.

फाइल लॉक असल्याचं दाखवत असेल तर सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’, ‘शेअर्ड फोल्डर्स’, ‘ओपन फाइल्स’ इथे कोणी धरून ठेवली आहे त्याचं नाव दिसतं. तिथूनच बंदही करता येते, पण आधी त्या माणसाला फोन करा. त्याचं सेव्ह न केलेलं काम तुमच्या एका क्लिकने जाईल आणि तो ते जन्मभर लक्षात ठेवेल.

एव्हरीवन, फुल कंट्रोल, आणि दिवाळीचा बोनस

आता माझी लाज. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका फोल्डरचा गुंता सुटत नव्हता. वैतागून मी ड्राइव्हच्या मुळाशी गेले, एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलं आणि खालच्या चौकटीवर टिक केली, ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’. हिरवी पट्टी सरकली. गुंता सुटला. मी चहाला गेले.

ती चौकट खालच्या प्रत्येक फोल्डरची स्वतंत्र परमिशन पुसून टाकते. पगाराचा फोल्डर मी मुद्दाम वेगळा ठेवलेला होता. त्याचंही कुलूप गेलं. चहा संपायच्या आत बोनसची शीट असेंब्लीच्या मुलांच्या मोबाइलवर फोटो होऊन पोचली होती. कोणाला किती आणि कोणाला का कमी, यावर पुढचे तीन आठवडे कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मला ऑफिसात बोलावून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून हात लावायच्या आधी परमिशनची प्रत काढते. तीच आय-सी-ए-सी-एल-एस कमांड, ‘सेव्ह’ आणि आतल्या सगळ्यासाठी ‘टी’ लावून, एका टेक्स्ट फाइलमध्ये सगळं उतरवते. चुकलं तर ‘रीस्टोअर’. मात्र रीस्टोअर करताना त्या फोल्डरचा नव्हे, त्याच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो. हे मला ऐन वेळी कळलं होतं, तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

कोणाला खरोखर काय मिळतंय हे बघायला सिक्युरिटीच्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब आहे. माणसाचं नाव टाका, काय करता येईल आणि काय नाही ते दिसतं. दिंडीची परमिशन तरीही वेगळी जाऊन बघा.

यादीत नावाऐवजी एस-१-५-२१ अशी लांबलचक आकड्यांची ओळ दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो सोडून गेलेला माणूस असतो. खातं उडवलं, पण परमिशन राहिली. म्हणून परमिशन माणसाला द्यायचीच नाही, ग्रुपला द्यायची. माणसं येतात-जातात, ‘स्टोअर’ तिथेच असतं. त्याच्या मालकीच्या फाइली कोणालाच उघडत नसतील तर ॲडव्हान्स्डमध्ये वर ‘ओनर’पुढे ‘चेंज’ आहे, तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपला मालक करा आणि मग परमिशन लावा.

नॅस आणि स्कॅनर

नॅसच्या पोटात बहुधा लिनक्स असतं, पण हिशोब तोच: शेअरची परमिशन वेगळी, आतल्या फोल्डरची वेगळी. नवीन लॅपटॉप घेतल्यावर ‘जुन्या मशीनवर नॅस उघडतं, नव्यावर नाही’ असा फोन आला तर विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीतही पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, आत जाणं मुळातच बंद केलेलं आहे. इंटरनेटवर ते पुन्हा चालू करायचे नुस्खे सापडतील. ते करू नका. नॅसवर प्रत्येकाचं खातं बनवा, संध्याकाळचं काम आहे. आणि नॅस खूप जुनं असून फक्त एसएमबी १, म्हणजे फाइल शेअर करायची जुनी भाषा, बोलत असेल तर मालकाला नवं घ्यायला लावा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून जगभर पसरला होता.

स्कॅनर हाही एक यूजर आहे, हे लोक विसरतात. मोठ्या झेरॉक्स मशीनमधून फोल्डरमध्ये स्कॅन जातं ते कोणाच्या तरी नाव-पासवर्डने जातं. आमच्याकडे ते मशीन बसवणाऱ्याने माझंच खातं टाकून ठेवलं होतं. मी शहाण्यासारखा पासवर्ड बदलला आणि अख्ख्या ऑफिसचं स्कॅनिंग बंद. दोन तास सर्व्हर तपासल्यावर उजेड पडला. आता स्कॅनरचं स्वतःचं खातं आहे, त्याला एकाच फोल्डरमध्ये जाता येतं.

दुरुस्ती झाली असं वाटलं की मी माझ्या ॲडमिन खात्यातून तपासत नाही. ज्याने फोन केला त्यालाच, त्याच्याच खुर्चीवर बसवून करायला लावते: फाइल उघडा, एक अक्षर टाका, सेव्ह करा. नवीन फाइल बनवा, तिचं नाव बदला, ती डिलीट करा. सगळं झालं की तारीख, फोल्डर आणि काय बदललं ते वहीत दोन ओळीत लिहिते. वही सर्व्हरवर ठेवलेली नाही. ड्रॉवरमध्ये आहे.